नऊ लाखांचा दाखला

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसं रोज लिहितात असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही, पण मुद्दा कळला.

निमित्तही तसंच आहे. आमच्या लेकीचा, राजनंदिनीचा, फार्मसीला नंबर लागणार, जालन्याच्या कॉलेजात. बारावीला मार्क तिने पाडले, पण मार्गदर्शन माझं. (परीक्षेच्या काळात टीव्हीचा आवाज मी स्वतः कमी ठेवत होतो.) फी वर्षाला नव्वद हजार. पण घरचं उत्पन्न मर्यादेत असेल तर मुलींची फी सरकार भरतं. हे प्रकरण मी एकहाती हाताळणार, असं चहाच्या वेळी जाहीर केलं.

बायको, दुर्गा, म्हणाली, शिवकन्याकडं देऊन टाका ना कागदं, ती बराबर करती. शिवकन्या म्हणजे स्टँडवर ऑनलाइन सेवा केंद्र चालवते ती. मी म्हणालो, अख्ख्या टेंभुर्णीला सरकारी योजना समजावून कोण सांगतं? दुर्गाने विचारलं, मंग आपल्याला त्यातली कोणती भेटली? हा प्रश्न विषयाला सोडून होता.

प्लॅन: एकूण पाच कागद. रोज एक. शनिवारी दुपारी मोकळा.

४ ऑगस्ट. संध्याकाळी

पाचातले चार कागद राजनंदिनीने दहावीनंतरच काढून ठेवले आहेत म्हणे. म्हणजे ऐंशी टक्के काम पहिल्याच दिवशी उरकलं. फक्त उत्पन्नाचा दाखला राहिला. रोजनिशीचा फायदा लगेच दिसला.

५ ऑगस्ट. दुपारी

शासन निर्णय मोबाईलवर वाचायला घेतला. अकरा पानं. माणसाने मूळ कागद वाचावा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नये, हे माझं तत्त्व. दुसऱ्या पानावर उत्पन्नाची मर्यादा आठ लाख असल्याचं वाचलं. तिसऱ्या पानावर डोळा लागला. साधारण कल्पना आली.

७ ऑगस्ट, गुरुवार

तलाठी कार्यालयात जाऊन आलो. काम फत्ते. सविस्तर लिहितो, कारण असे प्रसंग रोज येत नाहीत.

मी गेलो तेव्हा आत आबाराव बसलेला. आबाराव म्हणजे आमचा बांधाला बांध असलेला शेजारी. त्याच्यासोबत जांब समर्थकडचे त्याचे पाहुणे होते, पांढरीशुभ्र टोपी, पायात नवी चप्पल. सोयरिकीच्या कामाला फिरत असावेत. आबारावने ओळख करून दिली की हे आमचे काकासाहेब, शेडनेटवाले. पाहुण्यांनी मान डोलावली आणि शेडनेटमध्ये काय घेता म्हणून विचारलं. मी सांगितलं, मिरचीचं बियाणं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाया फुलाफुलाला हाताने परागीभवन, म्हणजे क्रॉसिंग करतात, कंपनी बियाण्याची उगवण तपासते आणि पास झालं की मोठ्या भावाने उचलते. पाहुणे म्हणाले, वा.

तेवढ्यात तलाठीसाहेबांनी माझा फॉर्म ओढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, वार्षिक उत्पन्न किती लिहू?

आता अशा वेळी माणसाने काय सांगावं? दोन शेडनेट, दोन हंगाम, सगळा माल पास, पूर्ण भाव, असा हिशेब मी दोन वर्षांपूर्वीच वहीत करून ठेवलाय. तो नऊ लाखांवर जातो. गेल्या वर्षी लॉट नापास झाला, पण तो अपवाद. त्याच्या आदल्या वर्षीही अपवादच होता. गावात सगळ्यांना मी नऊच सांगत आलोय. आबाराव समोर बसलेला असताना एकदम दुसरा आकडा कसा सांगणार?

म्हणालो, लिहा नऊ.

तलाठीसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, वीस वर्षं नोकरी करून राह्यलो, कमी लिहा म्हणणारे रोज येतात, जास्त लिहा म्हणणारा आजच भेटला. आणि लिहिलं.  पाहुण्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

आठ लाखांची मर्यादा घरी येताना रस्त्यात आठवली. पण एका लाखाने काय होतंय? हे नियम वर लिहिलेले असतात, प्रत्यक्षात साहेब लोक माणूस बघून ठरवतात.

१४ ऑगस्ट

दाखला आला! जाफ्राबादहून, तहसीलदारांच्या डिजिटल सहीचा. अक्षरी रुपये नऊ लाख मात्र. शिवकन्याच्या केंद्रात प्रिंट काढली आणि लगेच लॅमिनेशन करून घेतलं. ती म्हणाली, काका, दाखल्याला कोणी लॅमिनेशन करत न्हाई. मी म्हणालो, प्रत्येकाचा दाखला वेगळा असतो.

घरी जाताना वाटेत आबारावला दाखवला. त्याने दोन्ही हातांनी धरून वाचला, बराच वेळ. मग परत दिला आणि म्हणाला, छान छापलाय.

राजनंदिनीला दिला. तिने दोनदा वाचला आणि आतल्या खोलीत निघून गेली. मला वाटलं आनंदाने.

१६ ऑगस्ट, शनिवार

आनंदाने नव्हे.

शिवकन्याने फोन करून बोलावलं. हा दाखला लावला तर पोर्टल अपात्र म्हणणार, पूर्ण फी भरावी लागणार. एका लाखाचं काय? म्हणाली, काका, एक रुपया जादा असला तरी न्हाई होत. कंप्युटरला तोंड बघता येत न्हाई.

योग्य दाखला लावायची शेवटची तारीख १० सप्टेंबर. भरपूर वेळ आहे.

तलाठ्यांकडे गेलो. म्हणालो, साहेब, आकडा जरा कमी करू. ते म्हणाले, तुमच्या सहीचं स्वयंघोषणापत्र आहे, त्यावर तहसीलदारसाहेबांची सही आहे, आता खोडरबर चालत न्हाई. नवीन अर्ज करा, मी पंचनामा करतो. गावचे पाच पंच बोलवायचे, त्यात बांधाचा शेजारी पाहिजे, आणि त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर तुमचं खरं उत्पन्न सांगायचं.

बांधाचा शेजारी. म्हणजे आबाराव.

घरी सांगितलं. दुर्गा भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, तुमच्या तोंडानं नऊ केले, आता तुमच्याच तोंडानं दोन करा. राजनंदिनी आतल्या खोलीत होती. ऐकलं असावं.

१८ ऑगस्ट

आज आबारावकडे जाणार होतो. श्रावणी सोमवार, त्याचा उपवास. उपाशी माणसाशी असं बोलू नये.

१९ ऑगस्ट

नवीन कल्पना. पंच बाहेरचे आणायचे. दुर्गाचे दोन भाऊ बदनापूरला आहेत, तिसरा साडू. त्यांच्यासमोर माझी अब्रू काही फार नाही, तिथे नुकसान कमी. तलाठीसाहेबांना फोन केला. म्हणाले, पंच गावातलेच लागतात, बदनापूरच्या माणसाला तुमच्या शेतातलं काय कळणार? मी म्हणालो, हाच तर मुद्दा आहे. फोन कट झाला. रेंज नसावी.

२२ ऑगस्ट, पोळा

आज हा विषय काढणं बरोबर नाही. सणाच्या दिवशी गरिबी बोलू नये असं माझी आई सांगायची. (सांगायची असं वाटतं.)

बैलांना या वर्षी आरशांच्या झुली, गोंडे, शिंगांना सोनेरी बेगड. शिवाय हलगीवाले सांगितले. खर्च झाला, पण आधी नऊ लाख सांगून मग साधी झूल टाकली तर लोक काय म्हणतील? वेशीवर सगळ्यांनी बैलांकडे पाहिलं. तलाठीसाहेबही आले होते. त्यांनी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत बैलांकडे. म्हणाले, पंचनाम्याचं लक्षात हाय ना?

दुर्गाने पुरणपोळी वाढली, पण एकदाही आग्रह केला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

२५ ऑगस्ट

मास्टरस्ट्रोक! एवढे दिवस मी उलट्या दिशेने विचार करत होतो. नऊ लाखांचा दाखला फी माफीला चालत नसेल, पण शैक्षणिक कर्जाला? तिथे तर उत्पन्न जेवढं जास्त तेवढं चांगलं. मग ना पंच ना पंचनामा ना आबाराव. इस्त्रीचा शर्ट घालून जालन्याला बँकेत गेलो. लॅमिनेशनचा इथे फायदा होणार, हे मला आधीच जाणवलं असावं.

मॅनेजर बाई तरुण होत्या. दाखला पाहिला, छान म्हणाल्या आणि खात्याचा उतारा मागितला. त्यात कंपनीकडून आलेली रक्कम पाहिली. वर्षभराची. मग दाखला पाहिला. मग उतारा. असं तीन वेळा. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, काका, बाकीचे साडेसात कुठं आहेत?

मी म्हणालो, लॉट पास झाले की येतील.

पाणी देऊन त्यांनी सांगितलं की बँक दाखल्यावर नाही, उताऱ्यावर विश्वास ठेवते. म्हणजे बघा, जिथे हा कागद खरा मानायला हवा तिथे मानत नाहीत, आणि जिथे मानायला नको तिथे डोळे झाकून मानतात. या देशात प्रामाणिक माणसाचं अवघड आहे.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आबाराव मंडळाचा अध्यक्ष, कामात आहे. त्याला त्रास देणं बरं दिसत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शिवकन्याच्या केंद्रात गेलो होतो, नुसतं विचारायला की १० तारीख पुढे ढकलण्याची काही बातमी आहे का. बातमी नाही. पण तिने दुसरंच सांगितलं. राजनंदिनी आल्ती म्हणे. तिने विचारलं, ताई, तुमच्याकडं कामाला पोरगी लागती का? एक वर्ष थांबते, पुढच्या वर्षी बघू. शिवकन्या तिला म्हणाली, अगं एवढे मार्क पाडून इथं झेरॉक्स काढती का? तर ती म्हणाली, पप्पाला चावडीवर उभं करायचं न्हाई मला.

घरी आलो. ती अंगणात भांडी घासत होती. मला पाहून हसली, चहा ठेवू का म्हणाली. नको म्हणालो. छातीत काहीतरी झालं. गॅस असावा.

गॅस नव्हता. रोजनिशीत तरी खरं लिहावं. फार वाईट वाटलं.

३० ऑगस्ट

ठरलं. उद्या आबारावकडे जायचं म्हणजे जायचं.

१ सप्टेंबर, सोमवार

(३१ ला रविवार होता.)

गेलो. सकाळी साडेआठला. आबाराव ओट्यावर पेपर वाचत होता. बसलो. पावसावर बोललो. सोयाबीनवर पडलेल्या अळीवर बोललो. त्याच्या मोटरच्या स्टार्टरवर बोललो, तो उघडूनही पाहिला. पावणेदहा वाजता तो म्हणाला, काकासाहेब, काही काम काढून आल्ते का? मी म्हणालो, न्हाई न्हाई, सहज. आणि उठून आलो.

पण पहिली भेट ही नेहमी वातावरण तयार करण्यासाठीच असते.

२ सप्टेंबर

दुसरी भेट. वातावरण आणखी तयार केलं. स्टार्टर आता बिलकुल बंद पडला आहे, तो माझ्यामुळे असं आबारावची बायको केशरबाई म्हणाली. रिपेअरवाल्याचा नंबर दिला.

आठ दिवस राहिले. आठ दिवस म्हणजे कमी नव्हे.

३ सप्टेंबर

काहीच करावं लागलं नाही. दुर्गा काल दुपारीच आबारावकडे जाऊन आली होती. एकटी. तिला पाच मिनिटं लागली. पंच ठरले, तलाठ्यांना फोन झाला, उद्या अकराला चावडी. हे सगळं तिने मला मीठ संपलंय सांगावं तसं सांगितलं.

जरा राग आला. मी दोन दिवस वातावरण तयार केलं नसतं तर हे एवढ्या जल्दी झालं असतं का? 

उद्यासाठी भाषण तयार करतो आहे. मुद्दे: १) बियाणे बाजारातील चढउतार. २) हवामान बदल. ३) उत्पन्न नऊ लाख होतं, परंतु दरम्यानच्या काळात परिस्थितीत फरक पडला. एकदम नऊवरून खाली यायचं नाही. सात, साडेपाच, चार असं पायरीपायरीने उतरायचं. लोकांनाही धक्का बसू नये.

४ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी

लिहितो. सगळं लिहितो.

चावडीवर पाच पंच. आबाराव, कडूबा, सुग्रीव आणि भावकीतले दोघं. बाजूला दुर्गा, डोक्यावर पदर. राजनंदिनीला येऊ नको सांगितलं होतं, तरी ती बाहेर लिंबाखाली उभी होती. मी शर्टाच्या खिशातून भाषण काढलं. तलाठीसाहेब म्हणाले, तुम्ही बसा, तुम्हाला न्हाई, पंचांना विचारायचंय. बसलो.

विचारलं, काकासाहेबांचं वार्षिक उत्पन्न किती?

आबाराव म्हणाला, एक लाख ऐंशी हजार.

विचार नाही केला, छताकडे पाहिलं नाही, बोटं मोजली नाहीत. घराचा नंबर सांगावा तसं सांगितलं. तलाठीसाहेबांनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, कंपनीची गाडी माझ्या बांधावर उभी ऱ्हाती. पोती चढवायला मी, नापास होऊन आली की उतरवायलाबी मीच. दोन वर्षांपासून उतरून राह्यलो.

कडूबा म्हणाला, ऐंशी जास्त होतात, सत्तर धरा, क्रॉसिंगच्या बायांची मजुरी धरली का? माझीच बायको जाती न्हाई का कामाला. सुग्रीव म्हणाला, अन् तुरीचे पैसे? ते धरले की ऐंशीच होतात. यावर पाच मिनिटं चर्चा झाली. माझ्या उत्पन्नावर. माझी वही काढली असती तरी हिशेब एवढा बारीक निघाला नसता. तूर किती क्विंटल झाली होती हे मी विसरलो होतो, सुग्रीवला आठवत होतं. शेवटी एक लाख ऐंशी हजार कायम झाले.

मी वाट पाहत होतो की कोणीतरी हसेल. कोणी हसलं तर मी चिडणार होतो, तशी तयारी होती. कोणी हसलं नाही. सगळे एखाद्याच्या घरी दुखणं असताना बसावं तसे बसले होते.

मला राहवलं नाही. आबारावला विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मंग मी नऊ सांगत होतो तेव्हा बोलले का न्हाई? त्या पाहुण्यांसमोर तरी?

आबारावने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, तुमची पोरगी लग्नाची होऊन राह्यली. बापानं आकडा सांगितला तर चार लोकांत तो मोडायचा न्हाई. अख्ख्या गावानं मोडला न्हाई. तुम्ही ते सरकारात लिहून द्याल असं कोणाला वाटलं?

मी ज्या लोकांपासून दोन वर्षं लपवत होतो, तेच ते दोन वर्षं झाकत होते. मला वाटत होतं माझा दरारा आहे.

पंचनामा वाचून दाखवला. पाच सह्या झाल्या. कडूबाचा अंगठा. मग माझी. भाषणाचा कागद कुठे पडला कुणास ठाऊक.

४ सप्टेंबर. संध्याकाळी

 आबारावच्या स्टार्टरचे रिपेअरचे पैसे देऊन आलो. त्याने घेतले नाहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

नवीन दाखला आज सकाळी आला. शेवटच्या तारखेच्या एक दिवस आधी. शिवकन्याने लगेच चढवला. दुपारी राजनंदिनीने मोबाईल समोर धरला, त्यावर हिरव्या अक्षरांत पात्र असं लिहून आलं होतं. कॉलेजनेही ऑनलाइनच कागद तपासले, ट्यूशन फी माफ. दुर्गाने देवापुढे साखर ठेवली, मग सगळ्यांच्या हातावर. माझ्या हातावर जरा जास्तच.

मी म्हणालो की बघा, शेवटी एकहाती नाही म्हणता येणार, पण झालं. दोघींनीही काही म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

१५ सप्टेंबर, सोमवार

राजनंदिनी आज होस्टेलला जाणार. पेटी भरून दारात. निघायच्या आधी होस्टेलचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला, पालकांची सही पाहिजे म्हणाली. फॉर्म तिने आधीच भरला होता, सुंदर अक्षरात. वडिलांचा व्यवसाय: शेती. वार्षिक उत्पन्न: १,८०,०००.

सहज म्हणालो, आता दाखला आला म्हणून बरं, नाहीतर तुला काय लिहायचं ते कळलं नसतं.

ती म्हणाली, न्हाई पप्पा, शाळेतले सगळे फॉर्म आठवीपासून मीच भरते. दर वर्षी आईला विचारून लिहायची. आई बराबर सांगायची.

दुर्गाकडे पाहिलं. ती पेटीचं कुलूप ओढून पाहत होती.

गाव, बँक, तलाठी, बायको, आठवीतली पोरगी. माझं उत्पन्न माहीत नसलेला माणूस या घरात एकच होता, आणि फॉर्म भरायची जबाबदारी त्याने स्वतःहून घेतली होती.

राजनंदिनी म्हणाली, पप्पा, बस येईल, लवकर करा. पेन माझ्याकडे नव्हता. तिने तिचा दिला. तिने बोट ठेवलं तिथे सही केली.